विकत घेतलेल्या चित्रपटाची किल्ली कुणाकडे?

पुस्तक विकत घेणे म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पैसे मोजले, पावती घेतली, पुस्तक आपले झाले. ते वाचावे, शेजाऱ्याला द्यावे, शाळेच्या वाचनालयाला भेट द्यावे, नाहीतर दहा वर्षांनी रद्दीत घालावे. प्रकाशक विचारायला येत नाही. प्रकाशन संस्था बंद पडली म्हणून कपाटातले पुस्तक उघडायचे थांबत नाही. गाण्यांच्या कॅसेटचे, व्हिडिओ कॅसेटचेही तसेच होते. तिला बुरशी लागेल, फीत गुंतेल, पण जे काही बिघडायचे ते आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर बिघडेल.

इंटरनेटवरून चित्रपट विकत घ्यायची सोय आता वीस वर्षांची जुनी झाली. ॲपल कंपनीच्या आयट्यून्स या दुकानात ऑक्टोबर २००५ मध्ये दूरचित्रवाणी मालिकांचे भाग १.९९ डॉलरला मिळू लागले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००६ मध्ये, तिथे पूर्ण लांबीचे चित्रपट आले. त्याच सुमारास ॲमेझॉननेही असेच दुकान उघडले. गूगल तर त्याच्याही आधी, २००६ च्या जानेवारीत या धंद्यात उतरली होती. तिच्या ‘गूगल व्हिडिओ’ या दुकानातून मालिका आणि खेळांचे सामने भाड्याने किंवा कायमचे विकत घेता येत. विकत घेतलेली फाईल गिऱ्हाइकाच्या संगणकात उतरून राहत असे.

ऑगस्ट २००७ मध्ये या गिऱ्हाइकांना कंपनीचे पत्र आले. आम्ही ही विक्री बंद करत आहोत, १५ ऑगस्टनंतर तुम्ही घेतलेल्या फाईली चालणार नाहीत, त्याबद्दल कंपनीच्याच एका सेवेत वापरता येईल असे काही पैसे तुमच्या नावे जमा करू, असा त्याचा मतितार्थ होता. लोक संतापले. मग काही दिवसांत कंपनीने पूर्ण पैसे परत करायचे ठरवले आणि फाईली आणखी सहा महिने चालू ठेवल्या. पण मूळ प्रश्न तिथेच राहिला. फाईल गिऱ्हाइकाच्या संगणकात आहे, हार्ड डिस्क ठणठणीत आहे, फाईलमधला एक बिटही हललेला नाही. आणि तरीही ठरलेल्या तारखेनंतर चित्र दिसत नाही. हे होते कसे?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर ‘डिजिटल’ या शब्दाभोवतीचे बरेच धुके निवळते. शाळेसाठी चित्रफिती जमवणाऱ्या शिक्षकांना तर त्याची जरूर गरज आहे.

आकाराचा हिशोब

आधी संशय घ्यावा तो फाईलच्या प्रकारावर, कारण चित्रपट संगणकात ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. थोडा हिशोब करू. हाय डेफिनिशन चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा लाल, हिरवा व निळा अंश सांगायला तीन बाइट लागतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर दर सेकंदाला जवळजवळ १५ कोटी बाइट होतात, आणि दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १ लाख ७ हजार कोटी बाइट. प्रत्यक्षात विकत मिळणारी फाईल असते चारपाचशे कोटी बाइटची. म्हणजे मूळ माहितीच्या दोनशेहून अधिक वाटे करावेत आणि त्यातला एकच ठेवावा, तसे हे आहे.

हे आकुंचन साधते दोन युक्त्यांनी. पहिली अगदी घरगुती आहे: लागोपाठच्या दोन चौकटींत बहुतेक भाग तोच असतो, म्हणून फक्त फरक नोंदवायचा. मतदारयादीची ‘पुरवणी’ काढतात, तसे. दुसरी युक्ती गणिताची. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनातील छटांचा चढउतार हा लहानमोठ्या लाटांची बेरीज आहे असे मानायचे. या लाटांपैकी अगदी बारीक लाटा डोळ्याला फारशा जाणवत नाहीत. त्या ढोबळपणे नोंदवल्या किंवा गाळल्या तरी चालते. या पद्धतीचे पायाभूत गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मांडणारे तिघे, नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव, मूळचे भारतीय. अहमद हे बंगळूरचे. मोबाईलवर येणारे जवळजवळ प्रत्येक छायाचित्र या तिघांच्या गणितातून जाऊन येते, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव शोधूनही सापडत नाही. असो.

मुद्दा हा की आकुंचनाचे नियम गुप्त नाहीत. ते आंतरराष्ट्रीय मानकांत छापलेले आहेत. ते वाचून कुणीही प्रोग्रॅम लिहू शकतो, आणि लिहिलेही आहेत. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभा राहिलेला व्हीएलसी हा मोफत प्रोग्रॅम आपल्यापैकी अनेकांच्या संगणकात असेल. तो जवळपास कुठलीही फाईल चालवतो. तेव्हा आकुंचनामुळे फाईल बंद पडत नाही. आकुंचनानंतर तिच्यावर आणखी एक संस्कार होतो, गोम तिथे आहे.

कुलूप

तो संस्कार म्हणजे कूटलेखन. आकुंचित फाईलमधले बिट एका गुप्त संख्येच्या मदतीने असे ढवळायचे की ती संख्या ठाऊक असल्याखेरीज ते मूळ जागी येऊ नयेत. या गुप्त संख्येला किल्ली म्हणतात.

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येते. समजा, सहलीची तारीख आणि निघण्याची वेळ सांगायची आहे: २४ डिसेंबर, सकाळी साडेसात. हे आठ अंकांत लिहू: २ ४ १ २ ० ७ ३ ०. किल्ली म्हणून मनाला येतील ते आठ अंक घेऊ: ५ ९ ३ ८ १ ६ ४ २. आता अंकाखाली अंक मांडून बेरीज करायची, मात्र हातचा सोडून द्यायचा. दोन अन्‌ पाच सात. चार अन्‌ नऊ तेरा, त्यातले तीन ठेवायचे. उत्तर येते ७ ३ ४ ० १ ३ ७ २. हे आठ अंक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. सगळ्या वर्गाला ते दिसतात, वहीत उतरवता येतात, झेरॉक्स काढता येते. सहल कधी ते मात्र कुणालाच कळत नाही. किल्ली मिळाली की वजाबाकी करून (वजा होत नसेल तिथे दहा मिळवून) तारीख परत येते.

आता किल्लीचा कागद तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा आणि नियम करा: ज्याला तारीख हवी त्याने टेबलापाशी यायचे, तुम्ही त्याचे नाव यादीत पाहणार, कागद त्याला क्षणभर दाखवणार आणि परत ठेवणार. प्रत्येक वेळी हेच. पाचसहा मुले येऊन गेली की खणाला कुलूप लावा आणि सांगा, “आजपासून हे टेबल बंद.” फळ्यावरचे अंक जागच्या जागी आहेत. वहीतले अंकही मुलांचेच आहेत. एखादे चलाख पोर म्हणेल, “पण सर, मला तारीख पाठ झाली!” त्याला शाबासकी द्या. पडद्यावर उमटलेले चित्र दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपता येते, ही या सगळ्या कुलपांतली कधीच न बुजणारी फट त्याने शोधून काढलेली आहे.

खऱ्या चित्रपटात किल्ली आठ अंकांची नसते. आज सर्रास वापरली जाणारी पद्धत २००१ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने स्वीकारलेली एईएस ही आहे, आणि तिची किल्ली निदान १२८ बिटांची असते. एवढ्या बिटांच्या शक्य किल्ल्या ३४ वर ३७ शून्ये इतक्या. एखादा संगणक सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहू शकतो असे धरले, तरी सगळ्या लावून संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ७८ कोटी पट वेळ लागेल. (हा हिशोब अकरावीच्या मुलांकडून करून घ्यावा. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे.) तेव्हा किल्लीवाचून फाईल उघडण्याची आशा सोडलेली बरी.

चित्रपट विकत घेतला की दोन गोष्टी येतात. एक, कुलूपबंद फाईल. ती सगळ्यांसाठी सारखीच असते. दुसरी, परवाना. हा एक लहानसा संदेश असतो. त्यात किल्ली असते, पण तीही उघडी नसते. तुमच्या उपकरणात कारखान्यातच पुरून ठेवलेल्या दुसऱ्या एका किल्लीने ती बंद केलेली असते. परवान्यात अटीही असतात: कुठल्या खात्यावर, किती उपकरणांवर, कुठल्या तारखेपर्यंत. तुम्ही चित्रपट सुरू करता तेव्हा प्रोग्रॅम विक्रेत्याच्या सर्व्हरला विचारतो, सर्व्हर यादी पाहतो आणि परवाना देतो. कुठे हा परवाना काही काळ साठवून ठेवता येतो, कुठे दर वेळी नवा मागावा लागतो. गूगल व्हिडिओच्या गोष्टीत बंद होणार होते ते हे टेबल.

उपकरणाच्या आत कुलूप उघडले तरी पहारा संपत नाही. संगणकातून पडद्याकडे जाणाऱ्या एचडीएमआय तारेतही चित्र पुन्हा कूटरूपात जाते, आणि पडदा ‘मान्यताप्राप्त’ आहे की नाही हे आधी तारेवरूनच विचारले जाते. एका शिक्षक शिबिरात मला विचारले होते की संगणकाचा सगळा पडदा प्रोजेक्टरवर दिसतो, मग चित्रपटाची चौकट तेवढी काळी का राहते? प्रोजेक्टर जुना होता. त्याला या विचारपुशीचे उत्तर देता येत नव्हते, आणि संगणक आपले काम चोख करत होता.

इथे एक गमतीची विसंगती आहे. कूटलेखन शास्त्र उभे राहिले ते तीन माणसे गृहीत धरून: पाठवणारा, घेणारा, आणि चोरून ऐकणारा. पहिले दोघे मित्र, तिसरा शत्रू. चित्रपटाच्या व्यवहारात घेणारा आणि शत्रू एकच असतो. ज्याला चित्रपट दाखवायचा त्याच्या घरात किल्ली न्यावीच लागते, आणि तरी ती त्याच्या हाती लागता कामा नये. म्हणून गणित कितीही भक्कम असले तरी किल्ली लपवण्याची जागा कच्ची राहते. डीव्हीडीच्या तबकडीवरचे कुलूप ४० बिटांचे होते. १९९९ मध्ये ते उघडणारा प्रोग्रॅम जगभर पसरला. तो पसरवणाऱ्यांपैकी यॉन योहानसेन हा नॉर्वेतला शाळकरी वयाचा मुलगा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडले; स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या संगणकावर पाहणे हा गुन्हा होत नाही, असे त्यांना दिसले.

टेबल बंद होते तेव्हा

एखादी कंपनी गूगलसारखी धंद्यातून अंग काढून घेते, हा अपवाद असता तर एवढे लिहायचे कारण नव्हते. अमेरिकेत सर्किट सिटी या उपकरणांच्या दुकानसाखळीने १९९८ मध्ये ‘डिव्हेक्स’ नावाच्या तबकड्या आणल्या. साडेचार डॉलरची तबकडी, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालायची; पुढे पाहायचे तर यंत्र दूरध्वनीच्या तारेवरून कंपनीला विचारी आणि पैसे कापी. जून १९९९ मध्ये धंदा गुंडाळला, २००१ च्या जुलैत सर्व्हर बंद झाले. त्या दिवसापासून त्या तबकड्या चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीच्या उरल्या.

वॉलमार्टने फेब्रुवारी २००७ मध्ये चित्रपट विकायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात थांबवली. तिच्या गिऱ्हाइकांच्या फाईली ज्या संगणकात होत्या तिथेच चालत राहिल्या, दुसरीकडे नेता येईनात. म्हणजे संगणक जितका जगेल तितका चित्रपट. पुढे बऱ्याच मोठ्या चित्रपट कंपन्यांनी एकत्र येऊन २०११ मध्ये ‘अल्ट्राव्हायोलेट’ नावाची सामाईक व्यवस्था उभी केली. एका दुकानात घेतलेला चित्रपट दुसऱ्या दुकानातूनही पाहता यावा, एक दुकान बुडाले तरी हक्क राहावा, असा तिचा हेतू होता. कल्पना शहाणपणाची होती. ३१ जुलै २०१९ ला तीही बंद झाली. ज्यांनी आपले खाते वेळेत एखाद्या दुकानाशी जोडून ठेवले होते त्यांचे बहुतेक चित्रपट वाचले.

अगदी अलीकडचे उदाहरण प्लेस्टेशनचे. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला सोनीने कळवले की डिस्कव्हरीच्या ज्या मालिका गिऱ्हाइकांनी विकत घेतल्या आहेत, त्या ३१ डिसेंबरला त्यांच्या संग्रहातून काढल्या जातील, कारण डिस्कव्हरीशी असलेला करार संपतो आहे. ओरड झाली, नवा करार झाला, आणि निदान तीस महिने त्या राहतील असे जाहीर झाले. इथे विक्रेता बुडालेला नव्हता की त्याने दुकानही बंद केले नव्हते. विकणाऱ्याकडेच कायमचा हक्क नव्हता, आणि नसलेली वस्तू त्याने ‘विकली’ होती.

याच्या शेजारी एक जुनी लढाई ठेवून पाहा. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी अशा दोन प्रकारच्या तबकड्यांत २००६ पासून चुरस होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हार मानली. हरलेल्या पक्षाच्या तबकड्या घेतलेल्या लोकांची वर्तमानपत्रांनी त्या वेळी खूप कीव केली. पण त्यांची तबकडी आणि यंत्र धड असेल तर ते चित्रपट लागतात. त्याही तबकड्यांना कुलूप होते, पण किल्ली यंत्रातच होती, कुणाला विचारायला जावे लागत नव्हते.

बातम्यांत काय येते

नव्या उपकरणाची बातमी आली की तीत काय असते ते आठवून पाहा. चित्रबिंदू किती (फोर के म्हणजे ८२ लाख ९४ हजार), साठवण किती, पडदा किती इंच, किंमत किती. हे सगळे मोजता येते, त्यामुळे छापायला सोपे. दोन उपकरणांचा तक्ता करता येतो. या तक्त्यात मी आणखी एक रकाना घातला असता: किल्ली कुठे आहे? या उपकरणावर घेतलेली वस्तू इंटरनेटवाचून चालते का, दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर नेता येते का, कंपनी बंद झाली तर काय? आम्ही प्रयोगशाळेत एखादे महागडे यंत्र घेतो तेव्हा त्याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील हे आधी विचारतो. चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न बातमीदार सहसा विचारत नाहीत, कारण त्याचे उत्तर यंत्राच्या खोक्यावर नसते. ते असते करारनाम्याच्या मधल्या कुठल्यातरी परिच्छेदात, आणि तो परिच्छेद न वाचता आपण सगळेच ‘मान्य’ म्हणतो.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. चित्रपटाला कोट्यवधी रुपये लागतात, आणि उघडी फाईल एका रात्रीत जगभर फुकट पसरते, ही त्यांची भीती खोटी नाही. भाड्याने चित्रपट देताना तर कुलूप हवेच. दोन दिवसांनी परत न येणारी वस्तू भाड्याने कोण देईल? मला त्यात काही गैर दिसत नाही. भाडे आणि विक्री यांना एकच कुलूप घालून एकाला मात्र ‘विक्री’ म्हणून दुप्पटतिप्पट पैसे घेणे, हे खटकते. गाण्यांच्या बाबतीत असे कुलूप काढून टाकल्याने धंदा बुडाला नाही. आयट्यून्सने जानेवारी २००९ मध्ये आपली सगळी गाणी कुलपावाचून विकायचे जाहीर केले आणि ती आजही तशी विकली जातात. चित्रपट कंपन्या मात्र त्या वाटेला गेल्या नाहीत.

या शब्दाच्या घोळाची दखल कायद्याने अलीकडे घेतली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, डिजिटल वस्तूच्या बाबतीत ‘विकत घ्या’ असे लिहायचे असेल तर हा केवळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. जी फाईल कायमची उतरवून घेता येते आणि विक्रेत्याला परत काढून घेता येत नाही, तिला या नियमातून सूट आहे. विक्री कशाला म्हणावे याची ही व्याख्या मला चांगली वाटते.

शाळेचे काय?

आपल्याकडे ‘कॉपीराइट’ कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमाने शाळांना एक मोलाची मोकळीक दिली आहे: शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसे एवढ्याच प्रेक्षकांसमोर चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग होत नाही. पुष्कळ मुख्याध्यापकांना हे ठाऊक नसते. याच कायद्यात २०१२ मध्ये ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. म्हणजे कायदा आपल्याला दाखवायला परवानगी देतो, पण कुलूप काढून द्या असे विक्रेत्याला सांगत नाही. विक्रेत्याच्या करारात तर बहुधा ‘केवळ खाजगी वापरासाठी’ असेच लिहिलेले असते.

याहून जवळची अडचण खात्याची. समजा, शाळेने विज्ञान मंडळाच्या पैशांतून वीस माहितीपट घेतले. खाते उघडायला एखाद्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल लागतो. तो शिक्षकांचा दिला. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. वीस माहितीपट त्यांच्याबरोबर गेले, आणि शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत फक्त पावत्या राहिल्या. ते सज्जन असतील आणि सांकेतिक शब्द देऊन जातील, पण शाळेचा संग्रह कुणाच्या सज्जनपणावर ठेवायचा नसतो. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आपण बदलीच्या वेळी सही घेऊन ताब्यात घेतोच ना? इथे ताब्यात घ्यायला किल्लीच नाही.

म्हणून शाळेच्या पैशांतून काही घेण्यापूर्वी एक छोटी परीक्षा करावी. त्या ठिकाणाहून एखादी फुकट किंवा स्वस्त चित्रफीत उतरवून घ्या. ती पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या, इंटरनेट नसलेल्या संगणकावर न्या आणि व्हीएलसीमध्ये लावा. चित्र आणि आवाज आला तर ती वस्तू पुस्तकासारखी आहे. दोन हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, नोंदवहीत चढवा. आला नाही, किंवा उतरवून घ्यायची सोय त्या कंपनीच्या ॲपच्या बाहेर मुळी नाहीच, तर ते भाडे आहे असे समजून भाड्याएवढेच पैसे द्या. एका तासिकेपुरता चित्रपट हवा असेल तर भाडेही वाईट नाही. फक्त आदल्या दिवशी शाळेच्याच प्रोजेक्टरवर लावून पाहावा.

या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास होणारे साहित्य कमी नाही. नासाच्या बहुतेक चित्रफिती शिक्षणासाठी मोकळ्या आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर पेशीविभाजनापासून ज्वालामुखीपर्यंतचे छोटे तुकडे मिळतात, आणि प्रत्येकाखाली तो कोणत्या अटींवर वापरता येईल ते लिहिलेले असते. टाकाऊतून खेळणी करण्याच्या अरविंद गुप्ता यांच्या फिती तर मराठीतही आहेत. उतरवून झाल्या की फाईलला नीट नाव द्या: विषय, इयत्ता, मिनिटे, कुठून घेतली, कुठल्या तारखेला. ‘नवीन फोल्डर ३’ मध्ये ठेवलेली फीत पुढच्या वर्षी सापडत नाही, आणि त्याचा दोष कुठल्याही कंपनीवर टाकता येत नाही.